मतदारसंघ पुनर्रचना : कोकण

लोकसंख्येतील बदलानुसार लोकसभा व विधानसभा मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याच्या प्रक्रियेस मतदारसंघ पुनर्रचना किंवा परिसीमन म्हणतात. कोकणातील सध्याची रचना २००२ च्या परिसीमन कायद्याखाली नेमलेल्या न्या. कुलदीप सिंह आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून ठरवली. ती २००८ मध्ये अमलात आली आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका त्यानुसार झाल्या. राज्याच्या विधानसभेच्या जागा २८८ वर गोठवलेल्या असल्याने एका जिल्ह्याची जागा वाढली की दुसऱ्याची घटणार, हे उघड होते.

तळकोकणाला हा हिशेब महागात पडला. राज्यात एका जागेमागे सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोकसंख्या येत होती. तेव्हा १६,९६,७७७ लोकसंख्येच्या रत्नागिरी जिल्ह्याला सातऐवजी पाच आणि ८,६८,८२५ लोकसंख्येच्या सिंधुदुर्गाला चारऐवजी तीन जागा मिळाल्या. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण व वेंगुर्ला ही मतदारसंघांची नावे मिटली. कणकवली व कुडाळ ही नवी आली. याच वेळी अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या गावातून मुंबई-ठाण्याकडे गेलेला चाकरमानी गणपतीला घरी येतो, पण जनगणनेत तो मोजला जातो राहत्या ठिकाणी. जागाही त्याच्यामागोमाग उत्तरेकडे सरकल्या, असे म्हणणे वावगे ठरू नये.

सीमा आखताना भूरचना, दळणवळण व प्रशासकीय हद्दी पाहाव्यात, असा दंडक आहे. मात्र सरासरी जुळवताना तालुके फुटतात. खेड तालुका दापोली व गुहागर या मतदारसंघांत विभागला गेला. संगमेश्वर तालुक्यातील देवरूख चिपळूणकडे, तर साखरपा परिसर राजापूरकडे गेला. दापोली व गुहागर हे रत्नागिरी जिल्ह्यातील मतदारसंघ लोकसभेसाठी मात्र रायगडला जोडले आहेत. त्यामुळे खेडच्या मतदाराचा जिल्हाधिकारी रत्नागिरीत आणि खासदार रायगडचा. पूर्वीचा राजापूर लोकसभा मतदारसंघ, जिथून मधू दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले, तोही या रचनेत संपला. त्याची जागा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाने घेतली.

८४ व्या घटनादुरुस्तीनुसार राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत बदलत नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर वगळता महाराष्ट्रात केवळ रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली आढळली.