साहेबाच्या पुढून, घोड्याच्या मागून : रिसाल्यातल्या थट्टेची पार्श्वभूमी

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे वाक्य फौजेत नव्या रंगरुटाच्या कानावर लवकरच पडते. त्यातला घोड्याचा भाग म्हणजे तबेल्याचा साधा नियम. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. दिसत नाही ते फक्त थेट शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे थोडे. मागे काही हलले की तो आधी लाथ झाडतो आणि मग वळून बघतो. लाथेचा पल्ला दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून एकतर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जायचे, म्हणजे लाथेला जोर धरायला जागाच उरत नाही, नाहीतर तीन मीटर सोडून वळसा घ्यायचा. मार बसतो तो मधल्या अंतरावरून जाणाऱ्याला. साहेबाच्या बाबतीत जवानांचा अनुभव निराळा नाही.

घोडा आणि हुद्दा यांची अशी जोडी लावणारी थट्टा रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, भरपूर. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच व्यावहारिक प्रश्न सापडतो : सवाराच्या मांडीखालचा घोडा कोणाच्या पैशाचा?

मोगलांच्या मनसबीत, म्हणजे बादशहाने दिलेल्या हुद्द्यात, ‘जात’ आणि ‘सवार’ असे दोन आकडे असत. पहिल्यावरून मानपान आणि पगार, दुसऱ्यावरून बाळगायचे घोडेस्वार. कागदावर घोडे आणि मैदानात तट्टे, ही लबाडी इतकी चाले की अकबराच्या काळात घोड्याला डाग देणे आणि स्वाराचा ‘चेहरा’, म्हणजे त्याचे वर्णन, लिहून ठेवणे सक्तीचे झाले. मराठी फौजेत सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. उतरंड मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी. गुणाकार केला तर हजारीच्या हाताखाली १२५० स्वार येतात. हुद्द्याचा आकडा आणि डोकी यांचा मेळ तेव्हाही नव्हता. पंचवीस घोड्यांमागे एक पाणी वाहणारा पखालजी आणि एक नालबंद ही तरतूद मोठ्या बिरुदांपेक्षा जास्त कामाची होती, कारण नाल निसटलेला घोडा खडकाळ वाटेवर दोन मजलांत लंगडतो आणि त्याच्यासोबत स्वारही पायउतार होतो. शिलेदाराचा घोडा मेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली, तर तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर होई. कोणत्याही हुकमाशिवाय झालेली ही पदावनतीच.

इंग्रजी अमलात हीच पद्धत ‘सिल्लादार’ नावाने चालू राहिली. १८५७ नंतर बंगाल आणि मुंबईकडचे घोडदळ याच पायावर उभे होते. १९१४ साली हिंदी घोडदळाच्या ३९ रेजिमेंटांपैकी मद्रासकडच्या तीन सोडल्या, तर बाकी सगळ्या सिल्लादारी होत्या. भरती होणारा माणूस ठरावीक रक्कम भरून ‘आसामी’, म्हणजे रेजिमेंटातली सवाराची जागा, घ्यायचा. त्या पैशातून घोडा, खोगीर, गणवेश आणि छावणीचे सामान उभे राही. सरकारकडून येई ती बंदूक, दारूगोळा आणि पगार. पूर्ण रक्कम नसेल त्याची उरलेली पगारातून कापली जाई, आणि नोकरी संपल्यावर आसामीची रक्कम परत मिळे. दर महिन्याला ‘चंदा’ कापला जाई. घोडा मेला किंवा निकामी झाला की नवा घ्यायला त्यातून मदत होई. दोन सवारांमागे गवत कापून आणणारा एक माणूस आणि ते वाहायला एक तट्टू, तेही सवारांच्याच खर्चाने.

मेख होती ती आसामी विकता येत असे, वारशाने जात असे, आणि एका माणसाकडे अनेक असू शकत, यात. कंपनीच्या काळात एखादा रिसालदार, म्हणजे घोडदळातला हिंदी अधिकारी, दहावीस घोड्यांचा मालक असायचा आणि त्यांवर त्याचे बारगीर बसायचे. स्वतःच्या घोड्यावरचा तो ‘खुदअस्पा’. आता समजा, खुदअस्पा सवार आणि त्याच्या वरच्या हुद्द्याचा बारगीर दफेदार एकाच ओळीत उभे आहेत. हुकूम दफेदाराचा, पण घोडा त्याचा नव्हे, आणि हे सगळ्या ओळीला ठाऊक. कुजबुजीला याहून सुपीक जमीन कोणती? त्यात कर्जाची भर पडे. घोडा मध्येच मेला की नवीन घेण्यासाठी सवार रेजिमेंटच्या सावकाराकडे जाई, आणि ते देणे नोकरीभर फिटत नसे. १८५७ नंतर एकाकडे किती आसामी असाव्यात यावर बंधने आली, पण मालकीचा पीळ सुटला नाही.

ही पद्धत १९२१ साली मोडली, आणि ३९ रेजिमेंटांच्या २१ करण्यात आल्या. या निर्णयाबद्दल रिसाल्यात पुढे बरीच वर्षे वाद झडले. मोडू नये म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की घोडा स्वतःचा असला की सवार त्याच्या पाठीला जपतो, तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, सैल-घट्ट करायला त्याला कोणी सांगावे लागत नाही, आणि जमीनजुमला असलेली घराणी मुलांना घोडदळात पाठवतात. सरकारला ही फौज स्वस्तही पडे. यातले जपण्याबद्दलचे म्हणणे खरे आहे. पण त्यातच तोटाही आहे. ज्याची सारी ठेव घोड्यात अडकली आहे, त्याने तो गोळीबारात घालावा अशी अपेक्षा धरणे म्हणजे जरा जास्तच.

निर्णायक ठरले ते महायुद्ध. १९१४ च्या अखेरीस हिंदी घोडदळ फ्रान्समध्ये उतरले आणि सिल्लादारीचा हिशेब तिथेच कोलमडला. शांततेत एका रेजिमेंटला वर्षाकाठी थोडे घोडे बदलावे लागत. चंदा त्या बेताचा होता. युद्धात घोडे चंद्याला झेपेना इतके मरू लागले. माणसेही भराभर भरती करायची, तर प्रत्येक रंगरूट आसामीची रक्कम आणणार कुठून? एका रेजिमेंटची कुमक दुसरीत पाठवली तर आसामीचे भाव वेगळे, खोगिरे वेगळी, हिशेबवह्या वेगळ्या. शेवटी घोडे, सामान, चारा सगळे सरकारने दिले. मग १९२१ च्या हुकमाने वेगळे काय केले? जे आधीच झाले होते, त्यावर शिक्का मारला. ‘सरकारी घोडा, बेवारशी घोडा’ या जुन्या सवारांच्या कुरकुरीत तथ्य होते, पण दुसरी वाट शिल्लक नव्हती.

घोडा सरकारी झाल्यावर त्याची निगा आपुलकीवर सोडता येईना. ती हुकमाने बांधली गेली. आधी घोडा, मग जवान, मग अधिकारी, हा खाण्यापिण्याचा क्रम घोडदळात जुनाच होता, त्याला आता शिस्तीचे बळ आले. मुक्कामावर पोचताच लगेच दाणा द्यायचा नाही. आधी फिरवून अंग थंड करायचे, तंग सैल करायचा, पाणी पाजायचे, आणि तोबरा त्यानंतर. उलटे केले की पोटशूळ ठरलेला. कामाच्या घोड्याला दिवसाला चार-पाच किलो दाणा, त्याच्या दुपटीने गवत, २५ ते ४० लिटर पाणी लागते. नाल चार ते सहा आठवड्यांनी. स्वार, खोगीर, हत्यार आणि सामान मिळून पाठीवर ११० किलोच्या घरात ओझे येते. खोगिराखालच्या कांबळ्याला एक घडी पडली, तरी एका मजलेत पाठ सोलते आणि सवार पुढचे काही आठवडे लगाम धरून चालतो. सगळ्या पलटणीला दिसणारी ही शिक्षा.

हुद्द्यांच्या नावांचा गोंधळ आजही थट्टेचा विषय आहे. पायदळात लान्स नाईक म्हणजे एक फीत. म्हणून पायदळाचा माणूस ‘लान्स दफेदार’ ऐकून एकच फीत शोधतो आणि दोन बघून चक्रावतो. लान्स दफेदार हा नाइकाच्या बरोबरीचा. एका फितीचा तो ‘अॅक्टिंग लान्स दफेदार’, आणि तीन फितींचा दफेदार म्हणजे हवालदार. त्यावर नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर. नायब रिसालदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत. बाहेर जमादार हा शब्द झाडूवाल्यासाठी रूढ झाल्याने गावी गेल्यावर हुद्दा सांगताना अडचण होई, ही तक्रार विनोदाने सांगितली जायची, पण बोचरी होती.

घोडदळ यंत्रांवर गेले ते १९३८ पासून, आणि पुढच्या काही वर्षांत घोडे गेले. नावे राहिली. रणगाड्यात बसणारा आजही सवारच आहे. खरे घोडे १९५३ मध्ये संस्थानी रिसाल्यांतून उभ्या केलेल्या एका रेजिमेंटात आणि राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात उरले.

फौजी जनावराला बहुधा नाव नसते, नंबर असतो, तोही खुरावर डागलेला. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. आकडा घसरत खाली येतो आणि नालबंदाच्या कानशीत जातो, म्हणून तो पुन्हा डागावा लागतो. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती पडलेले एक खेचर पाठीवरच्या मशीनगनसह परत आले, आणि पुढे त्याला ‘पेडोंगी’ हे नाव मिळाले. २०२२ मध्ये अंगरक्षक दलाच्या ‘विराट’ या घोड्याला लष्करप्रमुखांचे प्रशस्तिपत्र देण्यात आले. बरेच सवार पूर्ण नोकरी करून त्या कागदाविनाच पेन्शनीत जातात, आणि विराटच्या खराऱ्याचे काम कोणाकडे होते हे सवाराला सांगावे लागत नाही.