हायब्रिड गाडी खरंच किती देते?

एकाच मॉडेलची हायब्रिड गाडी. एक मालक सांगतो, लिटरला २५ पडतात. दुसरा म्हणतो, १७ च्या वर जातच नाही. मग वाद पेटतो. पहिला फुशारक्या मारतोय, दुसऱ्याला गाडी चालवता येत नाही, नाहीतर कंपनीच सगळ्यांना बनवतेय. मला वाटतं, या वादात बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. साध्या गाडीच्या तुलनेत हायब्रिडचं मायलेज रस्ता, वेग आणि हवामानाप्रमाणे खूप जास्त हलतं, आणि त्याचं कारण तिच्या रचनेतच आहे.

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. चार्जिंगची वायर न लावता चालणाऱ्या हायब्रिडमध्ये ऊर्जा एकाच ठिकाणाहून येते: पेट्रोलच्या टाकीतून. बॅटरीतली वीजसुद्धा शेवटी पेट्रोलचीच असते. थेट इंजिनाने जनरेटर फिरवून बनवलेली, किंवा आधी पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेक लावताना परत गोळा करून साठवलेली. म्हणजे ही गाडी नवी ऊर्जा कुठून आणत नाही, साध्या गाडीत जी वाया जाते तिच्यातली काही वाचवते. जिथे मुळात फार वाया जात नाही, तिथे वाचवायलाही फार काही उरत नाही.

किती वाया जातं, याचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. १४०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे १९४ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. सिग्नलला ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवून हवेत जाते. सिग्नल सुटल्यावर तोच वेग गाठायला इंजिनाला ती नव्याने द्यावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली ३० टक्के चाकांपर्यंत पोचते असं धरलं, तर अशा एका थांब्याची किंमत झाली सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल. किलोमीटरमागे दोनदा असं थांबावं लागलं, तर नुसत्या ब्रेकपायी ४० मिलिलिटर गेलं. आणि लिटरला २५ देणारी गाडी अख्ख्या किलोमीटरला पिते तेवढंच, ४० मिलिलिटर!

हायब्रिडमध्ये हळूच ब्रेक दाबला की चाकांना जोडलेली मोटर जनरेटर होते, गाडीचा वेग विजेत बदलते आणि ती वीज बॅटरीत जाते. मोटर, इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी यांच्यात जाता-येता थोडी थोडी गळती होतेच. तरीही ब्रेक सावकाश लावला तर निम्म्याच्या आसपास ऊर्जा परत चाकांपर्यंत पोचू शकते. करकचून ब्रेक मारला तर मात्र मोटर आणि बॅटरीला ती एवढ्या झटपट घेता येत नाही. उरलेलं काम नेहमीचे ब्रेक करतात आणि तेवढी ऊर्जा गेलीच. लांब घाट उतरताना बॅटरी भरून गेली तरी हेच. पुढचा सिग्नल लांबूनच बघून पाय काढणारा चालक आणि शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा चालक यांच्यात साध्या गाडीतही फरक पडतो. हायब्रिडमध्ये तो आणखी वाढतो.

दुसरी वाया जाणारी गोष्ट कमी दिसते, पण तितकीच मोठी आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० ने जाताना गाडीला जेमतेम दोन-तीन किलोवॉट शक्ती लागते. इंजिन मात्र ७०-८० किलोवॉटचं. इतक्या हलक्या कामावर पेट्रोल इंजिन अतिशय अकार्यक्षम असतं. त्याची कार्यक्षमता दहा-वीस टक्क्यांपर्यंत घसरते, आणि सिग्नलला उभं असताना तर ती शून्यच, पेट्रोल जळतं पण गाडी जागची हलत नाही. हायब्रिड अशा वेळी इंजिन बंद ठेवते आणि मोटरवर चालते. इंजिन चालू करते तेव्हा त्याला जरा जास्त ओझं देते, म्हणजे ते चांगल्या कार्यक्षमतेत चालतं, आणि जास्तीची शक्ती बॅटरीत टाकते. शिवाय बहुतेक पूर्ण हायब्रिड, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या, गाड्यांचं इंजिन अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं असतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश इंजिनिअरने १८८२ मध्ये मांडलेली ही कल्पना आहे: मिश्रण जेवढं दाबलं जातं त्यापेक्षा जळालेला वायू जास्त प्रसरण पावू द्यायचा. यात पेट्रोलमधून जास्त काम निघतं, पण इंजिनाचा जोर कमी पडतो. ती कमतरता मोटर भरून काढते. २०१५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिडच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता टोयोटाने ४० टक्के सांगितली होती. पेट्रोल इंजिनासाठी हा आकडा खरोखर मोठा आहे.

आता हीच गाडी हायवेला काढा. ब्रेक नाही, सिग्नल नाही. ताशी १०० ला चाकांना ११-१२ किलोवॉट लागतात, त्यामुळे साधं इंजिनही इथे बऱ्यापैकी कार्यक्षम चालतं. वाया जाणाऱ्या ज्या दोन गोष्टींवर हायब्रिडची कमाई होती, त्या दोन्ही इथे आटल्या. उरलं ते कार्यक्षम इंजिन, त्याचा फायदा मिळतो पण मर्यादित. आणि समोर उभी राहते हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १२० वर गेलात तर तो सव्वादोन पट होतो. टायरचं घर्षण धरूनही दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा साधारण ७० टक्क्यांनी वाढते. हवा ढकलण्यात गेलेली ऊर्जा कुठलीच मोटर परत आणू शकत नाही.

याचं चांगलं उदाहरण अमेरिकेत घडलं. फोर्डने सी-मॅक्स हायब्रिड आणली तेव्हा लेबलवरचा आकडा होता ४७ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला २०. पण हा आकडा त्या गाडीची चाचणी घेऊन काढलेला नव्हता, तो फ्यूजन हायब्रिड या सेडानचा होता. दोन्ही गाड्यांचं इंजिन, ट्रान्समिशन आणि वजनाचा गट एकच असल्याने नियमांप्रमाणे तसं करायला परवानगी होती. फक्त सी-मॅक्स उंच होती आणि हवेला जास्त अडत होती. मालकांच्या तक्रारी आल्या, आणि २०१३ मध्ये फोर्डने आकडा ४३ वर आणला. २०१४ मध्ये तो पुन्हा घटवून ४० करावा लागला, म्हणजे लिटरला १७. यंत्रणा तीच असूनही एवढा फरक पडला.

मूळ चाचणीच सौम्य असेल तर काय होतं, हेही अमेरिकेतच दिसलं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ च्या मॉडेलांपासून मायलेज काढण्याची पद्धत बदलली. जास्त वेग, जोरदार अ‍ॅक्सिलरेशन, चालू एसी आणि उणे ७ अंशांची थंडी हे सगळं हिशेबात धरलं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा शहरातला आकडा एका झटक्यात ६० वरून ४८ वर आला, म्हणजे लिटरला साडेपंचवीसवरून सुमारे २० वर. गाडीत एक स्क्रूही बदललेला नव्हता. युरोपात जुन्या चाचणीची जागा २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी चाचणीने घ्यायला सुरुवात केली. ती ३० मिनिटांची, सुमारे २३ किलोमीटरची आणि ताशी १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी आहे. ती पहिलीपेक्षा पुष्कळ बरी, पण तीही प्रयोगशाळेतल्या रोलरवर, २३ अंश तापमानात होते.

तापमानाचा मुद्दा तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. उणे ७ अंशांत शहरात चालवताना साध्या पेट्रोल गाडीचं मायलेज २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटतं, हायब्रिडचं ३० ते ३४ टक्क्यांनी, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. थंडीत इंजिन, उत्सर्जन शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि गाडीची केबिन तापवण्यासाठी इंजिन चालू ठेवावंच लागतं, आणि थंड बॅटरी चार्ज नीट घेत नाही. इंजिन बंद ठेवण्यावरच जिची बचत उभी, तिचं इंजिन बंदच झालं नाही तर दुसरं काय होणार?

उन्हाळ्यात एसी. समजा तो एक किलोवॉट खातो. ताशी २० ने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये एक किलोमीटर जायला तीन मिनिटं लागतात, म्हणजे एसीपायी किलोमीटरला १८० किलोज्यूल. त्या वेगाने गाडी नुसती पुढे ढकलायला लागणारी ऊर्जा याहून कमी, दीडशेच्या आसपास असते! ताशी १०० ला तोच एसी किलोमीटरला फक्त ३६ किलोज्यूल घेतो. म्हणून ट्रॅफिकमध्ये उभ्या हायब्रिडचं इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं. गाडी जागेवर आहे, पण बॅटरी एसीने उतरवलेली असते.

या वादात आणखी एक घोळ आहे, आणि तो गाडीतला नसून आपल्या मोजमापातला आहे. किलोमीटर प्रति लिटर हे मापच दिशाभूल करतं. ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं, की अशा मापामुळे लोक इंधनाच्या बचतीचा अंदाज सर्रास चुकवतात. हायब्रिडचं मायलेज २५ वरून २० झालं तर मालक हवालदिल होतो, पाच किलोमीटर गेले! साध्या गाडीचं १४ वरून १२ झालं तर फारसं कुणी बोलत नाही. पण १०० किलोमीटरचा हिशेब करा. हायब्रिडला चारऐवजी पाच लिटर लागले, म्हणजे एक लिटर जास्त. साध्या गाडीला ७.१ ऐवजी ८.३, म्हणजे जवळजवळ १.२ लिटर जास्त. मोठी दिसणारी घट प्रत्यक्षात छोटी होती. हायब्रिडच्या मायलेजवरून होणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ मला इथे दिसतं. आकडे जितके मोठे, तितके ते जास्त हलतात.

स्वतःच्या गाडीचं मायलेज काढताना एक-दोन पथ्यं पाळली तर बरं. पाच किलोमीटरच्या फेरीत मीटरवर ४५ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. बॅटरी लहान असली तरी ती भरलेली असताना निघालात आणि रिकामी करून पोचलात, तर सुमारे अर्धा युनिट वीज, म्हणजे जवळपास २०० मिलिलिटर पेट्रोलचं काम, हिशेबाबाहेरच राहिलं. छोट्या फेरीत एवढ्याने आकडा दुप्पट होऊ शकतो. प्रयोगशाळेत म्हणूनच चाचणीच्या आधी आणि नंतर बॅटरीत किती चार्ज होता ते मोजून दुरुस्ती करतात. घरी त्यावर उपाय एकच, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजायचं, आणि तेही सलग चार-पाच टाक्या. प्रत्येक पंपाचं नोझल टाकी थोडी वेगवेगळी भरून बंद होतं, तो फरकही त्यात विरून जातो.

प्लग-इन हायब्रिडची गोष्ट मात्र निराळी, आणि तिथे मी कंपन्यांच्या आकड्यांची बाजू घेणार नाही. या गाडीची बॅटरी मोठी असते आणि ती बाहेरून चार्ज करता येते. चाचणीतला आकडा काढताना मालक किती अंतर विजेवर कापेल, याचं एक गृहीतक धरतात. युरोपात नव्या गाड्यांना प्रत्यक्ष इंधनवापराची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवणं बंधनकारक झालं, आणि मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने त्या नोंदी जाहीर केल्या. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये चाचणी आणि रस्ता यांत सुमारे २० टक्क्यांची तफावत होती. प्लग-इन हायब्रिडमध्ये प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन, जे जळलेल्या इंधनाच्या प्रमाणातच असतं, चाचणीच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण उघड आहे, लोक गृहीत धरलं होतं तितक्या वेळा गाडी चार्जच करत नाहीत, आणि मग ती जड बॅटरी वाहून नेणारी पेट्रोल गाडी उरते. युरोपात २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी हे गृहीतक बदललं आहे आणि विजेवरच्या अंतराचा वाटा कमी धरला जातो, त्यामुळे तशाच गाडीच्या लेबलवर आता आधीपेक्षा जास्त इंधन लिहावं लागतं.