फुलांच्या नक्षीचा मेकअप मांडताना : स्टँडसोबतचं माहितीपत्रक

वसंतासाठी निघणाऱ्या मेकअपची सगळी शोभा बहुतेक झाकणाच्या आत असते. ब्लशवर पाकळ्या उमटवलेल्या असतात, हायलायटरवर अख्खं फूल. पण ब्रश चार वेळा फिरला की ती नक्षी गेलीच. म्हणून स्टँडवर काही ठेवण्याआधी एवढं ठरवा : यातलं वापरायचं काय आणि नुसतं बघायचं काय? आवडता ब्लश दोन्हीसाठी हवा असेल, तर ब्रश एकाच कडेला लावत जा. मधलं फूल बराच काळ टिकतं.

जागा

खिडकीत फोटो छान येतात, पण स्टँड तिथे ठेवू नका. काचेतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, आणि गुलाबी, जांभळ्या छटांमधले बरेचसे सेंद्रिय रंग उजेडाने फिके पडतात. तपकिरी, विटकरी छटा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात, त्या सहसा टिकतात. म्हणजे वसंताचे रंगच जास्त नाजूक. एलईडी दिव्याची उष्णता कमी, म्हणून तो बरा. खोक्यावर रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय) ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घेतला, तर छटा आहे तशी दिसते.

बाथरूमही नको. तापमान सारखं वरखाली झालं की लिपस्टिकवर तेलाचे बारीक थेंब येतात. आत वाळलेलं फूल असलेल्या पारदर्शक जेली लिपस्टिक तर उष्णतेला आणखी हळव्या. त्यांच्यामागून उजेड आला की आतलं फूल उठून दिसतं, म्हणून त्या मागच्या उंच पायरीवर उभ्या करा. फक्त दिवा अगदी जवळ नको. नेलपॉलिश ज्वलनशील असते, तिला दिव्यापासून लांबच ठेवा.

मांडणी

मागे उंच, पुढे बुटकं, हे तुम्हाला माहीत आहेच. खरा फरक पडतो तो पार्श्वभूमीने. पांढऱ्यावर फिकट गुलाबी हरवतो. पानासारख्या हिरव्यावर किंवा गडद राखाडीवर तोच उठून दिसतो. ट्रेखाली त्या रंगाचा साधा कागद पुरतो. मखमल टाळा, पावडरचा चुरा तिच्यात अडकून बसतो. कॉम्पॅक्ट उघडा ठेवायचा असेल तर सोबतचं पारदर्शक झाकण त्यावर ठेवा, नाहीतर नक्षीच्या खाचांत धूळ साचते. कडा नसलेल्या फळीवर तो तिरका ठेवू नका. घसरून पडला की दाबलेली पावडर फुटते.

शेजारी ताजी फुलं ठेवण्याचा मोह होईल. आमचं मत विचाराल तर नको : पाणी सांडतं, परागकण उडतात, आणि खऱ्या फुलापुढे डबीवरचं फूल फिकं दिसतं.

मांडलेल्या वस्तूंची मुदतही संपते. उघड्या डबीच्या चिन्हात १२M लिहिलं असेल, तर उघडल्यापासून १२ महिने. उघडल्याची तारीख डबीच्या तळाशी चिकटवा. मुदत संपली की ती वस्तू फक्त बघण्यासाठी.

स्टँड पुसताना

हा स्टँड अॅक्रिलिकचा आहे. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरेसं आहे. सॅनिटायझर, परफ्यूम, अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे यांनी अॅक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं येऊ शकतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोनने तर ते विरघळतं. वाहतुकीत तडकलेला ट्रे आम्ही बदलून देतो, रिमूव्हर सांडलेला मात्र नाही.