पोर्ट फॉरवर्डिंग (घरगुती राउटर, कोल्हापूर)

बाहेरून आलेली इंटरनेट जोडणी घरातल्या नेमक्या एका संगणकापर्यंत पोहोचवण्यासाठी राउटरमध्ये केलेली कायमची नोंद म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पोर्ट म्हणजे संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रामपर्यंत पोहोचण्याचे क्रमांक असलेले दार. टोरंट वापरणाऱ्यांना याची गरज पडते. टोरंटसारख्या पीअर-टू-पीअर पद्धतीत एकच मोठा सर्व्हर नसतो. फाइलचे तुकडे शेकडो संगणकांवर असतात आणि प्रत्येक जण घेता घेता देतही असतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेला बिटटोरंट हा या पद्धतीचा सर्वांत रुळलेला प्रकार. उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर आजही अधिकृतपणे टोरंटने मिळतात.

पोर्ट बंद असला तरी डाउनलोड होते, पण अर्ध्या ताकदीने. आपण इतरांकडे जाऊ शकतो, इतरांना मात्र आपल्याकडे येता येत नाही. ज्यांचेही पोर्ट बंद आहेत अशांशी तर सहसा गाठच पडत नाही. चार-पाच जणांकडेच असलेली जुनी फाइल अडकून पडते ती यामुळेच.

कोल्हापुरात ही जोडणी फसते तेव्हा दोष बहुतेकदा राउटरच्या सेटिंगमध्ये नसतो, घरापर्यंत येणाऱ्या पत्त्यात असतो. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने राउटरला मिळालेला पत्ता, पाहावा आणि आयपी दाखवणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून बघावा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जावे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. अशा वेळी घरच्या राउटरवर कितीही नोंदी केल्या तरी उपयोग शून्य. केबलवाल्याकडे (इंटरनेट देणाऱ्याकडे) सार्वजनिक किंवा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागावा लागतो, त्याचे भाडे सहसा वेगळे असते. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर तो मार्गही खुला आहे, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या व्यवस्थेत) त्या पोर्टला परवानगी द्यावी लागते.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेले असण्याची शक्यता मोठी. फायबरवाल्याने बसवलेला ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) हा स्वतःच राउटर असतो आणि त्यात आपण बाजारातून आणलेला दुसरा जोडतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या जाड भिंतींच्या घरांत वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोहोचावे म्हणून हे हमखास केले जाते. यावर उपाय दोन. ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यावा, म्हणजे तो राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देतो, आणि पीपीपीओईचे (कंपनीच्या जोडणीत लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) युजरनेम-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावेत. नाहीतर आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वायफाय पसरवण्यासाठी) ठेवून सगळ्या नोंदी ओएनटीतच कराव्यात. दुसरा उपाय सोपा, कारण त्यासाठी केबलवाल्याच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. मात्र ओएनटीचा ॲडमिन पासवर्ड आपल्याकडे हवा.

पत्ता ठीक असेल तर उरलेले काम पंधरा-वीस मिनिटांचे. टोरंट चालणारा संगणक शक्यतो केबलने जोडावा. राउटरच्या डीएचसीपी पानावर (घरातल्या उपकरणांना आयपी वाटण्याची सेटिंग) त्याच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्कवर उपकरणाची ओळख पटवणारा क्रमांक) एक आयपी राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. ही पायरी वगळली की पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर संगणकाला वेगळा आयपी मिळू शकतो, जुनी नोंद रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते आणि कालपर्यंत चालणारे आज का बंद पडले हे कळत नाही. वायफाय वापरत असाल तर संगणकातला बदलता मॅक पत्ता बंद करावा, नाहीतर राखीव आयपी लागूच होत नाही.

मग टोरंट प्रोग्राममध्ये ४९१५२ ते ६५५३५ मधला एक पोर्ट ठरवावा, समजा ५२३१७, आणि दर वेळी नवा पोर्ट निवडण्याचा पर्याय बंद करावा. ६८८१ ते ६८८९ हे जुने पोर्ट टाळावेत, ते अनेक ठिकाणी अडवलेले असतात. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा व्हर्च्युअल सर्व्हर या नावाच्या पानावर बाहेरचा पोर्ट ५२३१७, आतला पोर्ट तोच, आयपी १९२.१६८.१.५० आणि प्रोटोकॉल (माहिती पाठवण्याची पद्धत) टीसीपी व यूडीपी दोन्ही असे भरावे. फक्त टीसीपी ठेवले तर यूडीपीवर चालणाऱ्या डीएचटी (इतर संगणक शोधण्याची सोय) आणि यूटीपी (टोरंटची माहिती पाठवण्याची पद्धत) यांना त्याचा लाभ मिळत नाही. विंडोजच्या फायरवॉलमध्येही प्रोग्रामला परवानगी हवी. घरचे नेटवर्क तिथे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल तर ‘प्रायव्हेट’साठी दिलेली परवानगी चालत नाही. पोर्ट उघडा आहे का हे तपासताना टोरंट प्रोग्राम चालू असावा. तो बंद असेल तर ऐकणारेच कोणी नसते आणि तपासणी पोर्ट बंदच दाखवते.

यूपीएनपीने, म्हणजे उपकरणाला स्वतःच राउटरकडून पोर्ट उघडून घेऊ देणाऱ्या सोयीने, हे सगळे आपोआप होते, पण घरातले कुठलेही उपकरण न विचारता दार उघडू शकते. हाताने केलेली नोंद बरी. राउटरमधला डीएमझेड हा पर्याय तर वापरूच नये, त्यात संगणकाचे सगळेच पोर्ट उघडे पडतात.

अपलोडला मर्यादा घालणे अत्यंत गरजेचे. अपलोड पूर्ण भरला की डाउनलोडच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात, डाउनलोड मंदावते आणि घरातला व्हिडिओ कॉल तुटतो. मोजलेल्या अपलोडच्या ८० टक्के ठेवावेत. अपलोड २० एमबीपीएस असेल तर ते सेकंदाला २.५ मेगाबाइट होतात, म्हणून प्रोग्राममध्ये त्याच्या ८० टक्के, म्हणजे सेकंदाला २००० केबी भरावे. बिट आणि बाइट यांची गल्लत इथेच होते. स्वस्त राउटर शेकडो जोडण्यांनी गुदमरतो आणि बंद-चालू केल्याशिवाय भानावर येत नाही. एकूण २०० आणि दर टोरंटला ५० जोडण्या पुरतात.

टोरंटमध्ये घेणारा त्याच वेळी वाटणाराही असतो, हे कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. कॉपीराइट असलेला चित्रपट विनापरवाना उतरवताना तो इतरांना पुरवलाही जातो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.