चाकणला जाणं आणि कोयत्यावर जाणं

मराठवाड्याच्या स्थलांतरावरचा कुठलाही लेख उघडा. पुण्याजवळच्या चाकणला कंपनीत लागलेलं पोरगं आणि दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघालेलं जोडपं एकाच आकड्यात मोजलेलं असतं. कारणही दोघांना एकच लावतात, दुष्काळ आणि जागतिकीकरण. हे वाचून वाचून वीट आलाय, कारण या गल्लतीमुळे उपायही चुकीचे सुचवले जातात.

चाकणचं तुम्हाला ठाऊकच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ १९८५ला वाळूजला बजाज आली, २००१ला शेंद्र्याला स्कोडा, तरी आयटीआय झालेल्या सगळ्यांना तिथं जागा पुरेना, म्हणून पोरं पुण्याकडे सरकली. ठेकेदाराच्या हाताखाली काम, एका खोलीत पाच जण, बाहेरच्या देशातली मागणी घटली की पहिली कात्री यांनाच. त्रास खरा आहे. पण न पटलं तर ते पोरगं बॅग उचलून घरी येऊ शकतं.

कोयत्यावरच्या माणसाला ते जमत नाही. लोक फरक सांगतात तो मुदतीचा, एक जण कायमचा गेला आणि दुसरा सहा महिन्यांसाठी. तो किरकोळ आहे. खरा फरक पैसा कधी हातात पडतो याचा. कंपनीत आधी काम, मग पगार. इथं आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मग काम. पावसाळ्यात, घरात लग्न किंवा दवाखाना निघालेला असताना मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, पैसे देतो आणि हंगाम तिथंच बांधला जातो.

हिशेब मांडून बघा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल एक लाख धरा, तोडणी टनाला साडेतीनशे, दिवसाला दोन टन. दीडशे दिवस एकही सुट्टी न घेता तोडलं तर १,०५,००० होतात. म्हणजे उरले पाच हजार. आठ दिवस ताप आला की ५,६०० बुडाले, वर खाड्याचा, म्हणजे गैरहजेरीचा, दंड. किराण्यासाठी घेतलेली खर्चीही याच खात्यावर चढते. बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जावं लागतं. जानेवारी २०२४मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, ते हवंच होतं. पण नुसत्या दरवाढीनं उचलीची गाठ सुटत नाही.

बाईच्या अंगावर हे सगळ्यात जास्त येतं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं २०१९मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्या सगळ्या ऊसतोड करणाऱ्या नव्हत्या, पण उचलीचा हिशेब बाजूला ठेवून या आकड्याकडे बघता येत नाही.

आणि जागतिकीकरण फक्त चाकणपर्यंत पोचलंय असं समजू नका. २०२१-२२च्या हंगामात देशातून १०० लाख टनांहून जास्त साखर बाहेर गेली. त्यातली महाराष्ट्राची साखर बहुतेक याच कोयत्यांनी तोडलेल्या उसाची. पुढे निर्यातीवर बंधनं आली. बाजार चढला तरी कोयत्याला ठरलेलाच दर मिळतो, आणि पाऊस कमी होऊन गाळप लवकर आटोपलं तर दिवस घटतात, उचल मात्र घटत नाही. नुकसान कारखान्याच्या वहीतून मजुराच्या अंगावर येतं ते असं.

म्हणून बीडमधल्या धारूर-वडवणीच्या टोळ्यांना कौशल्य प्रशिक्षणाची पत्रकं वाटणं थांबवा. ते आयटीआयच्या पोराला उपयोगी आहे. इथं उचलीची लेखी नोंद हवी, तिची जबाबदारी कारखान्यावर हवी, आणि दर पंधरा दिवसांनी तोडलेल्या टनांची पावती बाईच्या नावासकट मिळायला हवी. पोरांची हंगामी वसतिगृहं टोळी निघायच्या आधी उघडा. गाड्या गेल्यावर उघडली तर पोरं आधीच आईबापाबरोबर फडात पोचलेली असतात.