‘फक्त सोबतीला कुणीतरी हवंय’ असं फोनवर सांगण्याआधी

(घरी रुग्णसेवेसाठी मावशी किंवा मामा हवे असलेल्या कुटुंबांसाठी)

आमच्या रुग्णसेवा ब्युरोकडे येणाऱ्या बहुतेक फोनांची सुरुवात एकाच वाक्यानं होते. “विशेष काही करायचं नाहीये हो, फक्त सोबतीला कुणीतरी हवंय.” पाठोपाठ, “आई अगदी शांत आहे.” आणि मग, “दिवसाचे किती घेता?”

आम्ही वहीत ‘सोबत, १२ तास’ असं लिहितो आणि त्या कामाची मावशी पाठवतो. सकाळी आठला ती घरी पोचते आणि साडेआठला तिचा फोन येतो. “मॅडम, हे सोबतीचं काम नाही.” आजी खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणातच आहेत, युरिनची पिशवी लावलेली आहे, माकडहाडावर लाल चट्टा उठलाय आणि रात्रभर त्या ‘मला घरी जायचंय’ म्हणत स्वतःच्याच घरात हाका मारत असतात. शांत आहेत हे खरंच, पण दुपारी बारा ते तीन.

मग आम्ही बदली शोधतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्या तयार हाताच्या मावशी आमच्याकडे आहेत, पण त्या रिकाम्या बसलेल्या नसतात. दोन दिवस जातात, कधी चार. तेवढे दिवस तुमची रजा जाते, पहिल्या मावशीचा रोज बुडतो आणि आम्ही दोन्हीकडून बोलणी खातो. हे सगळं पाच मिनिटांच्या खऱ्या माहितीनं टळलं असतं, म्हणून हे माहितीपत्रक.

लोक मुद्दाम खोटं सांगतात असं मी म्हणत नाही. थोडं दराचं असतं. ‘बेडरिडन’ म्हटलं की पैसे वाढतील अशी धास्ती. पण पुष्कळदा ठरवणाऱ्या माणसाला खरंच माहीत नसतं. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला. व्हिडिओ कॉलवर आई गळ्यापासून वर दिसते. गळ्याच्या वर त्या छानच असतात.

वजन विचारलं तर रागावू नका

एका घरी आजोबांचं वजन ‘असेल साठ-बासष्ट’ असं सांगितलं होतं. निघालं पंच्याऐंशी, त्यात उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. मावशींनी एकटीनं त्यांना काखेत हात घालून उठवलं, आजोबांचा पाय घसरला आणि दोघंही पलंगाच्या कडेवरून खाली बसले. आजोबांना काही झालं नाही, देवाची कृपा. मावशींची कंबर मात्र तीन आठवडे धरलेली होती.

काखेत हात घालून ओढायचं नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा असा ओढला तर निखळायला आला म्हणून समजा. जड माणसाला सरकवायला पलंगावर आडवी दुहेरी चादर घालतात, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी. तिच्या दोन्ही कडा गुंडाळून मुठीत धरायच्या आणि दोघांनी, ‘एक-दोन-तीन’ म्हणून, एकाच वेळी वर सरकवायचं. कातडी घासत नाही, कंबर जात नाही. पण त्याला दोघं लागतात. म्हणून वजन विचारतो, आणि घरात सकाळ-संध्याकाळ हात द्यायला कुणी आहे का, हेही विचारतो. कुणीच नसेल तर आम्ही मामा पाठवू किंवा दोन माणसं देऊ, दर त्याप्रमाणे.

‘चोवीस तासांची बाई रात्री झोपते’

ही आमच्याकडे येणारी सगळ्यात जुनी तक्रार. उत्तर सरळ आहे : हो, झोपते. झोपायलाच हवी.

जो माणूस स्वतःहून हलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. रात्री दहाला, बाराला, दोनला, चारला, सहाला. दर वेळी डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, दोन गुडघ्यांत उशी द्यायची, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली दुसरी उशी सरकवायची. पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. आता मला सांगा, ही बाई झोपली कधी? आणि सकाळी सातला तुमच्या आईंना भरवताना तिला डुलकी लागली, घास श्वासनलिकेत गेला, तर चूक कुणाची?

म्हणून आमचा नियम असा आहे. रात्री एक-दोनदा उठावं लागत असेल तर चोवीस तासांची राहती मावशी चालते. दुपारी दोन तास तिला आडवं व्हायला द्या. रात्री त्याहून जास्त उठायचं असेल तर आम्ही चोवीस तासांचं माणूस देत नाही, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या देतो. महाग पडतं, मान्य आहे. कमी पैशात चोवीस तासांची एकच बाई द्यायला तयार असलेले लोक बाजारात आहेत. त्यांच्याकडून सुरुवात करून महिनाभरात आमच्याकडे आलेली कुटुंबंही आहेत. येताना ती बहुतेक वेळा शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम) घेऊन येतात.

शय्याव्रणाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. मी हॉस्पिटलात नर्स होते तेव्हापासून याचा धसका आहे. जखम होण्याआधी ती जागा लाल दिसते. सावळ्या कातडीवर लाल न दिसता काळपट, गरम किंवा घट्ट लागते. बोटानं दाबून सोडा. दाबलेली जागा फिकट होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालीच हलली नाही तर कातडीखाली बिघडायला लागलंय, डॉक्टरांना कळवा. त्या जागी तेल लावून चोळू नका. आपल्याकडे घराघरात हे प्रेमानं करतात, आणि त्यानंच आतली नाजूक कातडी फाटते. रबरी रिंगवर बसवणंही नको, कडेचा दाब रक्त अडवतो. एअर बेड चांगला (आमच्याकडे भाड्यानं मिळतो, मोटर बिघडली तर बदलून देतो), पण एअर बेड आणला म्हणजे कूस बदलायची सुटका झाली, असं नाही.

मावशी काय करणार नाहीत

इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग, नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणं ही नर्सची कामं. त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली एएनएम किंवा जीएनएम (हे नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम) झालेली सिस्टर आम्ही तासावर पाठवतो. ‘मागची बाई इन्सुलिन द्यायची’ हे आम्हाला सांगू नका. नळीतून भरवणं, युरिनची पिशवी रिकामी करणं हे मावशींना शिकवलेलं आहे. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी, भरवून झाल्यावरही अर्धा तास तशीच ठेवायची. म्हणून त्या ‘लगेच आडवं करा’ला नाही म्हणतील, तर त्यांचं ऐका.

घरकामाचं म्हणाल, तर रुग्णाचं जेवण, कपडे, भांडी आणि खोली एवढं त्या करतील. गणपतीला आलेल्या वीस माणसांची भांडी नाही.

मावशींसाठी तुमच्याकडून काय लागतं

दोन वेळचं जेवण, घरात असेल तेच. झोपायला जागा आणि घरातलाच संडास. सोसायटीच्या वॉचमनच्या संडासात पाठवणारी घरं आम्ही बंद केली आहेत. जेवायला अर्धा तास. तेवढा वेळ आजींजवळ घरातलं कुणीतरी बसावं. महिन्याला चार सुट्ट्या, बदली आम्ही देतो. अचानक सुट्टी घेतली म्हणून रागावताना एवढं लक्षात असू द्या की मावशींची मुलं लातूर-धाराशिवकडे त्यांच्या आजीपाशी असतात, आणि ती आजीही आजारी पडते.

कॅमेरा लावायला आमची हरकत नाही. मावशींना सांगून लावा, त्या कपडे बदलतात त्या जागी नको. आईंची आंघोळ आणि डायपर बदलणं चालू असताना तो झाकून ठेवा. त्यांनाही कुणी बघू नये असं वाटतं, बोलता आलं नाही तरी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खासगी घरालाही लागू होतो आणि घरकामाला असलेल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे आम्ही प्रत्येक मावशीला आधीच सांगून ठेवतो. तुम्हालाही माहीत असावं. तसंच उलट बाजूनं, आमच्या माणसानं आईंना दमात घेतलं, हात उचलला असं वाटलं तर त्याच दिवशी कळवा. आम्ही माणूस लगेच काढून घेतो. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ ही आहे. तो नंबर आमच्या बिलावरही छापलेला असतो.

पैशाचं विचारता म्हणून सांगते : तुमच्या प्रत्येक शंभरातले ऐंशी मावशींना जातात. उरलेल्या विसांत पोलीस पडताळणी, शिकवणी, बदलीचं माणूस आणि रात्री अडीचला माझा फोन उचलणं येतं. दर वर्षी दोन-चार कुटुंबं ‘ब्युरो कशाला मधे’ म्हणून मावशींना परस्पर ठेवून घेतात. ठेवा. त्यांना चार पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे. पण मावशी गावी गेल्यावर ‘बदली द्या’ असा फोन मात्र करू नका.

फोन करण्याआधी

आम्ही कोथरूड, कर्वेनगर, वारजे, सिंहगड रस्ता या भागात पहिल्यांदा घरी येऊन रुग्णाला बघतो, त्याचे पैसे घेत नाही. तेवढा वेळ नसेल तर हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड जवळ घेऊन बसा. आणि जो आईंजवळ रात्री झोपतो त्यालाच फोनवर बोलू द्या, बंगळुरूच्या ताईंना नंतर जोडून घेऊ. रात्री किती वेळा उठतात, संडासला कशा जातात, घास गिळता येतो का, ठसका लागतो का, पाठ शेवटची कधी बघितली, रागाच्या भरात मारतात का. हो, मारतातही. स्मृतिभ्रंशात होतं असं. त्याची लाज वाटून घेऊ नका, तशा माणसांना सांभाळलेल्या मावशी आमच्याकडे आहेत.

वजन माहीत नसेल तर अंदाजानं सांगा. फक्त सांगताना दहा किलो कमी करू नका.