१७६६३१९०४९ : देवगिरीच्या वाटेवरची एक संख्या

आमच्याकडच्या शाळांच्या सहली दौलताबादला जातातच. मुलं चांदमिनार बघतात, अंधारीतून हात धरून वर चढतात आणि खाली येऊन पेरू खातात. याच देवगिरीच्या यादवांकडे एका मोठ्या गणितज्ञाचा मुलगा आणि नातू मानाच्या जागी होते, हेही त्यांना तिथेच सांगायला हवं.

तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य. ११५० च्या सुमाराच्या त्यांच्या ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे: मित्रा, असा कोणता वर्ग आहे, की त्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल?

आधी ६१ चे शेजारी बघा. ६० साठी उत्तर ४: सोळा गुणिले साठ ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठी ८ पुरतो, कारण ३९६९ हा ६३ चा वर्ग. मधल्या ६१ चं सर्वांत लहान उत्तर मात्र २२६१५३९८० आहे आणि येणारा वर्ग १७६६३१९०४९ चा. सेकंदाला एक आकडा तपासत बसलं, तर रात्रंदिवस सात वर्षं लागतील.

भास्कराचार्य तपासत बसले नाहीत. दोन उत्तरांतून तिसरं घडवायची ‘भावना’ ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच दिली होती. तिच्यावर उभी राहिलेली रीत म्हणजे ‘चक्रवाल’. वहीत करून बघा. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. चक्रवालाची एक फेरी झाली की ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, फरक चारचाच. हा चार हाती लागला की पुढचं काम भावना करते. वाटेत २९७१८ आणि ३८०५ येतात, तिथे फरक उणे एक. त्यांची स्वतःशीच भावना केली की उत्तर समोर.

त्या वाटेची खूण संख्येत उरलीय. १७६६३१९०४९ मधून एक वजा केला तर २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट येते. एक मिळवला तर ३८०५ च्या वर्गाची १२२ पट. मला ही संख्या आवडते ती यासाठी. आकाराने मोठ्या संख्या कुणीही लिहील, पण हिच्या दोन्ही बाजूंना अशी घडण आहे.

युरोपात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये याच ६१ चं आव्हान टाकलं. ब्राउंकरने अशा समीकरणांची रीत शोधली, पण ऑयलरच्या गैरसमजामुळे समीकरणाला नाव चिकटलं पेल या दुसऱ्याच गणितज्ञाचं. ६१ च्या जागची संख्या स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर नेहमी असतंच, हे लाग्रांजने सिद्ध केलं ते १७६८ च्या सुमारास.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटण लागतं. तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने या गावातून नेलं आणि नातू चांगदेव हा पुढचा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला चांगदेवाने मठ काढला. त्याला शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ च्या आसपास, यादवांचे मांडलिक निकुंभ यांनी दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी पाटणच्या बाजारातलं कोणतं उत्पन्न मठाला द्यायचं हे सांगायची वेळ आली, तेव्हा तो मराठीत बोलतो.